कोंबडीचं काळीज

आमच्या परसात पांढऱ्या कोंबड्या आल्या त्या अण्णांच्या दुखण्यापाठोपाठ. अण्णा म्हणजे माझे वडील. सत्तर सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, जेवण तुटलं, आणि शेतात जाणं हळूहळू बंद झालं. शेत वाट्यानं दिलं. भाऊ नागापूरला कारखान्यात लागला होता. मी नगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते आणि तिथंच खोली घेऊन राहत होते. सोनईजवळच्या आमच्या गावी आई आणि अण्णा दोघंच.

त्या दिवसांत गुरांचे डॉक्टर गावोगाव सांगत फिरत होते की गावरान कोंबडी पुरे झाली, आता या विलायती जातीच्या पाळा, अंड्यांना खळ पडत नाही, बारा महिने देतात. आईनं त्यांच्याकडून पिलं घेतली आणि घरामागं जाळीचं खुराडं बांधून घेतलं. मी विचारलं तर म्हणाली, घरात बसून तेवढाच हाताला उद्योग. मला ते पटलं. आई रिकामी बसणारी नव्हतीच.

अण्णा स्वतः अंडं खात नसत. घरात बाकी सगळे खाणारे, ते एकटेच नाहीत. त्यांची आई आजारी पडली तेव्हा देवापुढं बोलून त्यांनी मांसमच्छी आणि अंडं सोडलं होतं. आजी त्या दुखण्यातून उठली नाही, पण अण्णांनी सोडलेलं परत धरलं नाही. त्यांची भाजी आई वेगळ्या चुलीवर करायची, वेगळ्या पळीनं वाढायची. लग्नापासून तिनं ते सांभाळलं होतं आणि त्याबद्दल तिला कधी कुरकुरताना मी ऐकलं नाही.

हिवाळ्यात कोंबड्या अंड्यावर आल्या. गावातल्या बायका पदराखाली वाटी झाकून अंडी न्यायला येऊ लागल्या. अण्णा मात्र उतरत चालले होते. नगरच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं, फोटो काढले आणि भावाला बाजूला घेऊन सांगितलं की यकृताचा कॅन्सर आहे, पुढं गेलेला आहे, घरी न्या. आमच्याकडं यकृताला काळीजच म्हणतात. भावानं आईला सांगितलं, काळजाला गाठ आहे. पुढच्या उन्हाळ्यात, एका सकाळी, आईनं तोंड पुसायला पंचा भिजवून आणेपर्यंत अण्णा गेले.

कोंबड्या मरायला लागल्या त्या दिवाळीनंतर. एक दिवसभर पिसं फुलवून कोपऱ्यात बसायची, तुरा फिका पडायचा, आणि सकाळी मेलेली सापडायची. पहिल्या दोन-तीन आईनं पुरून टाकल्या. मग कशानं मरतात ते बघावं म्हणून तिनं एक कापली. मी त्या शनिवारी घरीच होते. कोंबडीचं काळीज केवढं असतं ते आईला ठाऊक होतं, आयुष्यभर तिनं ते साफ केलेलं. या कोंबडीचं काळीज सगळ्या पोटात मावत नव्हतं. तांबडं असायचं ते राखट झालेलं, आणि त्यावर पांढुरक्या गाठी. आई विळी बाजूला ठेवून नुसती बघत राहिली. मी मात्र खाली वाकून बोटानं गाठी दाबून पाहिल्या. असा नमुना आमच्या प्रयोगशाळेत नव्हता. "आई, मला हे फॉर्मॅलिनमध्ये घालून न्यायचंय, बरणी आहे का?" असं मी तिला विचारलं. तिनं उठून लोणच्याची रिकामी बरणी धुऊन आणून दिली.

गुरांचे डॉक्टर येऊन बघून गेले. त्यांनी एक तुकडा पुण्याला तपासायला पाठवला. निरोप आला तो असा की हा कोंबड्यांचा कॅन्सरच आहे आणि तो एका विषाणूमुळं होतो. औषध नाही. लागण झालेल्या कोंबडीच्या अंड्यातून तो पिलात उतरतो, म्हणजे पिलं आणली तेव्हाच तो त्यांच्यात असणार. डॉक्टर बिचारे ओशाळले होते. पिलं त्यांनीच मिळवून दिली होती. आईनं त्यांना चहा दिला आणि एवढंच विचारलं, "अंड्यातून जातो?" ते हो म्हणाले.

यानंतर काही आठवड्यांनी कॉलेजात आमच्या विभागप्रमुखांनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. परदेशी नियतकालिकं आमच्याकडं बोटीनं यायची, उशिरा यायची. त्यातल्या एका अंकात त्यांनी एक लेख वाचला होता आणि त्यांचा चेहरा लग्नघरच्या माणसासारखा झाला होता. तोवर आम्ही शिकत आणि शिकवत आलो होतो की पेशीतली माहिती एकाच दिशेनं जाते. डीएनएवरून आरएनए बनतो, आरएनएवरून प्रथिनं बनतात. हे फळ्यावर मी स्वतः बाण काढून मुलांना दाखवलेलं. सर म्हणाले, एक बाण आता उलटाही काढायचा. काही विषाणूंजवळ डीएनए नसतोच, नुसता आरएनए असतो, आणि ते सोबत एक एन्झाइम घेऊन येतात. ते एन्झाइम आरएनए वाचून त्यावरून डीएनए तयार करतं. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज असं त्याचं नाव पडलं आहे.

"आणि कशात सापडलं माहीत आहे?" सर माझ्याकडं बघून म्हणाले. "कोंबडीत कॅन्सर करणाऱ्या विषाणूत."

माझी बरणी त्यांच्याच कपाटात होती. त्यातल्या काळजाला गाठी आणणारा विषाणू नेमका तोच नसेल, पण त्याच घराण्यातला होता. या घराण्याला पुढं रेट्रोव्हायरस म्हणू लागले. नगरच्या एका कोपऱ्यातल्या कॉलेजात, माझ्या आईच्या खुराड्यातली वस्तू, आणि जगातले मोठे लोक तिच्याच नात्यातल्या विषाणूवर काम करताहेत. तो आठवडा माझे पाय जमिनीला टेकत नव्हते.

शनिवारी एसटीतून उतरून मी घरी गेले ती थेट आईपुढं बसले. ती सुपात ज्वारी निवडत होती. मी तिला सांगू लागले. तिला शाळा चौथीपर्यंतच, पण हुशार होती, आणि तिला कळेल असं सांगता येतं याचा मला अभिमान होता. मी म्हणाले, तहसिलीत जमिनीचं मूळ दप्तर असतं, ते बाहेर जात नाही. आपल्याला काम पडलं की त्याची नक्कल मिळते, आणि नकलेवर काम होतं. पेशीचं तसंच आहे. डीएनए म्हणजे दप्तर, आरएनए म्हणजे नक्कल. आता हा विषाणू काय करतो, की नुसती नक्कल घेऊन येतो, आणि आपला कारकूनही बरोबर आणतो. तो कारकून नकलेवरून मूळ कागद लिहितो. उलटं काम. आणि मग तो कागद पेशीच्या दप्तरात घुसवला जातो.

"आन पेशीला कळत न्हाई?" आईनं विचारलं.

"कसं कळणार? दप्तरातच आहे म्हटल्यावर तिला तो आपलाच वाटतो. तिची दोन झाली की दोघींत तो जातो. चारांच्या चारांत. कधी तो कागद नको त्या जागी घुसला तर पेशी वाढतच सुटते. तीच गाठ."

"मग एकदा पडलेली नोंद निघत न्हाई."

"नाही," मी म्हणाले. तिला किती नेमकं कळलं याचा मला आनंद झाला.

ती बराच वेळ ज्वारीतले खडे काढत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "हे मानसात हुतं का?"

तिथं मी थांबायला हवं होतं. निदान तिच्या तोंडाकडं बघायला हवं होतं. पण मला तो प्रश्न विद्यार्थ्याचा वाटला, आणि चांगल्या विद्यार्थ्याचा. मी म्हणाले, "तेच तर सगळे शोधतायत. माणसाच्या कॅन्सरमध्ये असा विषाणू सापडतो का, हाच आता मोठा प्रश्न आहे." आणि जेवून, एक डुलकी काढून, रविवारी दुपारच्या गाडीनं मी नगरला परत गेले.

पुढच्या शनिवारी घरामागचं खुराडं उघडं होतं. आत एकही कोंबडी नव्हती. जवळच नवी माती ओढलेला खड्डा होता आणि त्यावर चुना टाकलेला. उरलेल्यांतल्या पुष्कळ धडधाकट होत्या, अंडी देत होत्या. वाटेकऱ्याला बोलावून आईनं सगळ्या मारवल्या आणि पुरल्या.

एवढ्यावर ती थांबली नव्हती. ज्या ज्या घरी तिची अंडी गेली होती त्या त्या घरी ती जाऊन आली होती. हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. प्रत्येक उंबऱ्यावर उभं राहून तिनं सांगितलं म्हणे की माझ्या कोंबड्यांना काळजाचा रोग हुता, अंड्यात उतरणारा हुता, मला ठाऊक नव्हतं, पन तुमाला सांगायला पायजे. काही जणी हसल्या. काही घाबरल्या. एक बाई पोटुशी होती, तिच्या सासूनं आईला उंबऱ्यातूनच परत लावलं आणि नंतर गावभर नको ते बोलली. ख्रिस्ती वाड्यातली एक म्हातारी मात्र तिला आत घेऊन बसली आणि म्हणाली, आमी तर उकडून खाल्ली बाई, उकडल्यावर कसला रोग ऱ्हातो. आई तिलाही हात जोडून आली.

मी ऐकत असताना माझे कान गरम झाले. हे सगळं मी पेरून गेले होते. आईला मी म्हणाले, अगं, विचारायचंस तरी. ती म्हणाली, "तूच सांगितलं न्हवं."

सोमवारी मी सरांच्या खोलीत गेले आणि त्यांना नीट विचारलं. त्यांनीही नीट सांगितलं. हा विषाणू कोंबड्यांचा आहे. माणसं पिढ्यान्‌पिढ्या कोंबड्या पाळताहेत, कापताहेत, अंडी खाताहेत, आणि कोंबड्या पाळणाऱ्यांत हा रोग वेगळा उठून दिसल्याचं त्यांच्या वाचनात नव्हतं. प्रत्येक विषाणूला प्रत्येक पेशीत शिरता येत नाही. शिरायला त्याला दार लागतं, ते कोंबडीच्या पेशीला असतं, आपल्याला बहुधा नसतं. बहुधा हा शब्द त्यांनी ठेवला. अजून पुष्कळ ठाऊक व्हायचंय, म्हणाले, पण तुझ्या आईला सांग, बिनघोर राहा.

ते घेऊन मी मधल्या वारीच घरी गेले, रजा टाकून. आई परसात शेणी थापत होती. मी तिच्याजवळ उभी राहून सगळं सांगितलं. दाराचं सांगितलं, उकडण्याचं सांगितलं. आणि शेवटी माझ्या मते सगळ्यात पक्का मुद्दा काढला. अण्णांच्या आणि कोंबडीच्या काळजांत तिला काही तरी एकच दिसत असणार, एवढं आता माझ्याही ध्यानात आलं होतं. म्हणून मी म्हणाले, अण्णांचं दुखणं कोंबड्या यायच्या आधीचं. आणि अण्णा तर अंडं खातच नव्हते. मग त्यांचा आणि या रोगाचा संबंध कसा असेल?

आई शेण लागलेले हात तसेच धरून उभी राहिली.

"खात हुते," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मी घालत हुते. दुधात. रोज सकाळी. हळद टाकायची, गूळ टाकायची, लई घुसळायची. त्यास्नी न्हाई सांगितलं."

अण्णा नगरच्या डॉक्टरांकडं अगदी पहिल्यांदा गेले तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं की अंडी द्या, ताकद येईल. अण्णा नाही म्हणाले होते. आईनं एकदा विनवलं, दुसऱ्यांदा विनवलं, मग विनवणं सोडलं आणि पिलं आणली. हाताला उद्योग म्हणून नव्हे. विकायची ती उरलेली. त्यांच्यासाठीचं अंडं ती पहाटे उठून बाजूला काढायची आणि त्यांना जाग यायच्या आत टरफल चुलीत घालायची.

"दूध पिऊन रोज म्हनायचे, आज बरं वाटतंय. तुज्या हाताला गुन हाय म्हनायचे."

मी लगेच तिला समजवायला लागले. मी म्हणाले, तू त्यांच्या भल्यासाठीच केलंस. त्यांना कळलंच असेल, अंड्याचा वास कुठं लपतो. आई म्हणाली, "त्यास्नी शेवटी वासच येत नव्हता. म्हनून तर जमलं." मी म्हणाले, तरी त्यानं काही त्यांचा रोग वाढला नाही. तू निर्दोष आहेस. कोंबडीचा विषाणू माणसाच्या पेशीत...

ती मला मध्येच अडवून म्हणाली, "त्ये तू मगाशी सांगितलंस. मला समजलं. त्यानं रोग झाला न्हाई. पन मी दिलं का न्हाई?"

आणि परत खाली बसून शेणी थापू लागली. मी उभीच राहिले. चार महिने ती प्रत्येक मेलेल्या कोंबडीत अण्णांचं काळीज बघत होती, आणि मी तिच्याकडून बरणी मागितली होती. घरोघर जाऊन ती जे सांगत होती त्यातलं खरं सांगणं वेगळ्याच माणसाला सांगायचं होतं आणि ते माणूस उरलं नव्हतं. मला रडू आलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मला वाटतं तिला माझ्या रडण्याचंही ओझं झालं असतं.

चार-आठ दिवसांनी तिनं मला निरोप धाडला की श्रीगोंद्याला आत्याकडं जायचंय, तू संगं चल. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. आजीच्या आजारपणात ती माहेरी होती, अण्णांनी देवापुढं हात जोडले तेव्हा शेजारी उभी होती. स्वभावानं कडक. आई तिला लग्नापासून वचकून असे. मी आईला म्हणाले की आत्याला कशाला सांगतेस, ती बोल लावेल. आईनं नुसती पिशवी भरली.

आम्ही नगरला गाडी बदलली. श्रीगोंद्याला उतरलो तेव्हा उसाच्या बैलगाड्या कारखान्याकडं चालल्या होत्या आणि सगळ्या हवेला मळीचा वास होता. आत्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. चहा झाला, ख्यालीखुशाली झाली. मग आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि काहीही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. कोंबड्यांचंही सांगितलं, पण थोडक्यात. दुधाचं सविस्तर.

आत्यानं शेंगा फोडणं थांबवलं नाही. आईचं सांगून झाल्यावरही थोडा वेळ टरफलांचा आवाज येत राहिला. मला राहवेना. मी म्हणाले, "आत्या, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. आणि त्या अंड्यांनी काही अपाय..."

आत्यानं हातानंच मला थांबवलं. आईला म्हणाली, "आई गेली तवा तेराव्याला मीच त्याला म्हटलं हुतं, आता खा. जिच्यासाठी सोडलं ती तर ऱ्हायली न्हाई. तर म्हनला, अक्का, सोडलंय तर असू दे. तेवढीच आईची आठवन." मग ती म्हणाली, "दिलंस त्याचं मला काय न्हाई. मी असते तर मीबी दिलं असतं. पन त्याला न सांगता द्यायला नको हुतं."

"व्हय वन्सं," आई म्हणाली. "नको हुतं."

आणि तेव्हा ती रडली. अण्णा गेले त्या दिवशीसुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. आत्यानं मांडीवरचं सूप खाली ठेवलं, सरकून तिच्याजवळ गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. गप्प राहा असं ती म्हणाली नाही, जाऊ दे असंही म्हणाली नाही. मी खांबाला टेकून बसले होते. इतके दिवस मी आईला ती चुकली नाही हे पटवून देत होते, वेगवेगळ्या पुराव्यांनी, सरांच्या तोंडच्या शब्दांनी. तिला कुणीतरी ती चुकली असं म्हणायला हवं होतं, आणि म्हणून झाल्यावर जवळ बसायला हवं होतं. हे माझ्या ध्यानात यायला आत्या लागली.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसून झोपली. नगर येईपर्यंत मी तिचं डोकं माझ्या खांद्यावर सांभाळलं.

तिनं परत कोंबड्या पाळल्या नाहीत. मी एकदा म्हणून पाहिलं, नवी पिलं तपासून आणू, आता लागण नसलेली मिळतात. ती म्हणाली, बघू, आणि पुढं विषय काढला नाही. स्वतः अंडं खाणंही तिनं सोडलं. ते मला लागलं, पण या वेळी मी तिला काही समजावायला गेले नाही. तो उलटा बाण मी कॉलेजात फळ्यावर काढू लागले होते, आणि मुलं विचारायची की मॅडम, हे माणसात होतं का. उत्तर देण्याआधी मी विचारणाऱ्याच्या तोंडाकडं बघायला शिकले. कधी कधी तिथं नुसती उत्सुकता असे. कधी कुणी घरी आजारी असे, आणि मग मी तास संपल्यावर त्याला थांबवून घेई.

पुढल्या वर्षी पाऊस गेला तो गेलाच. श्रीगोंद्याकडच्या विहिरी आटल्या, आत्याचा ऊस उभा वाळला. तिची मुलं कामासाठी बाहेर पडली आणि आईनं तिला आमच्याकडं आणलं. आमच्या विहिरीला घागरभर का होईना, पाणी होतं. दोघी पहाटे दोर घेऊन विहिरीवर जायच्या, आणि पाणी झिरपून गोळा होईपर्यंत काठावर बसून राहायच्या. मी शनिवारी गावी गेले की त्यांना शोधत तिथंच जाई. बहुतेक वेळा अण्णांचंच चाललेलं असे. लहानपणी ते कसे होते ते आत्या सांगायची, नंतर कसे होते ते आई सांगायची, आणि कधी आत्या म्हणायची की न्हाई, तसा नव्हता तो, तुला म्हाईत न्हाई. मी आलेली बघून त्या बोलायच्या थांबत नसत. मी घागर बाजूला सरकवून त्यांच्याजवळ बसत असे.